तीन पोलीस आणि नगरचे दोन नट

एप्रिल १९१८ मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने नगरात दोन मुलं जन्मली. एक १६ तारखेला, छावणीतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी. दुसरं २५ तारखेला, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात. पहिला मुलगा पुढे स्पाइक मिलिगन म्हणून गाजला. बीबीसीवरच्या त्याच्या ‘द गून शो’ने इंग्रजी विनोदाची घडीच बदलली आणि नंतरच्या मॉन्टी पायथनच्या मंडळींनी त्याचं ऋण उघडपणे मान्य केलं. दुसरा मुलगा म्हणजे शाहू मोडक. उद्या एखाद्या उत्साही नगरकराने ‘इंग्लंडला हसायला नगरने शिकवलं’ असा फलक माळीवाड्याच्या वेशीवर लावला, तर जन्मदाखल्याच्या हिशेबाने त्याला खोटं कसं पाडणार?

‘आपला माणूस’ मोजण्याची ही हौस जगभर आहे. कॅनडात ती जरा जास्तच. मेरी पिकफर्ड टोरांटोची, विल्यम शॅटनर माँट्रियलचा, डोनाल्ड सदरलंड, क्रिस्टोफर प्लमर, जिम कॅरी, रायन गॉसलिंग हे सगळे ‘आमचे’, ही यादी तिथली माणसं तोंडपाठ म्हणतात. शेजारच्या प्रचंड देशाचा सिनेमा आमच्या माणसांनी उभा केला, असा तिचा सूर असतो. आपलीही तशी यादी आहेच. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, शोभना समर्थ, नूतन, स्मिता पाटील, माधुरी दीक्षित, श्रीराम लागू, निळू फुले, नाना पाटेकर... नगरकर तिच्यात शाहू मोडक आणि सदाशिव अमरापूरकर ही नावं जरा ठासून घालतात. जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, तरी या यादीत खंड पडलेला नाही.

माझं भांडण या यादीशी आहे. कोण कुठून गेला याची नोंद ठेवणं सोपं. तो गेल्यामुळे तिथल्या सिनेमाचं काय हललं, हा प्रश्न अडचणीचा. यादी वाढवणारे तो विचारत नाहीत, कारण उत्तर बहुधा यादीच्या लांबीच्या उलट निघतं. नगरच्या या दोन नटांकडे आणि त्यांच्या आजूबाजूच्या तीन पडद्यावरच्या पोलिसांकडे नीट पाहिलं, तर मला एकच गोष्ट दिसते. एकटा नट मोठ्या सिनेमात गेला की तो सिनेमा त्याला वापरतो. तो सिनेमा बदलतो तेव्हा नटाच्या मागे लेखक, दिग्दर्शक आणि शक्य झालं तर पैसा, असा आपल्याकडचा अख्खा गोतावळा गेलेला असतो.

आधी शाहू मोडक. १९३२ साली दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ काढला. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, कृष्ण झालेला शाहू मोडक आणि राधा झालेली शांता आपटे. मुंबईत पंचवीस आठवडे चाललेला हा पहिला मराठी बोलपट. पुढच्याच वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये त्याने केलेलं दुहेरी काम बोलपटांतलं पहिलं मानलं जातं. त्यानंतर त्याला इतक्या वेळा कृष्ण केलं गेलं, की घराघरांतल्या तसबिरीतला मुरलीधर कोणता आणि हा कोणता, असा प्रश्न पडावा. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) तो भरत होता.

ख्रिस्ती घरातला मुलगा कृष्ण कसा झाला, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. नगरात वाटू नये. अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ साली ठाण मांडलं आणि नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात, ओवीत, कीर्तनात आणून बसवलं. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताचं आख्यान लावणाऱ्या गावात भक्तिरसाचं शिक्षण देवळाच्या बाहेरही होत होतं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला तेव्हा मोठेपणीचा ज्ञानेश्वर झाला हाच शाहू मोडक. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं. नगरच्या ख्रिस्ती तरुणाने नेवाशाच्या ज्ञानदेवाला मराठीत आणि हिंदीत चेहरा दिला, आणि देशभर त्या चेहऱ्याला हात जोडले गेले.

तरीही माझ्या लेखी त्याचं मोठं काम हे नाही. देवाला मुलूख नसतो. कृष्ण झालेला नट कुठल्या तालुक्याचा हे बघायची वेळच कुणावर येत नाही, त्यामुळे देवाच्या रूपाने परमुलखात शिरणं सगळ्यांत सोपं. त्याचं खरं काम आहे ते ‘माणूस’मधला गणपत. १९३९ सालचा शांतारामबापूंचा हा चित्रपट मराठीत ‘माणूस’ आणि हिंदीत ‘आदमी’ म्हणून आला. मराठीतला गणपत हवालदार हिंदीत मोती झाला आणि मैना झाली केसर, पण माणसं तीच होती, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. धाड पडल्यावर एका वेश्येला वाचवणारा आणि मग तिच्यात गुंतत जाणारा हा साधा पोलीस. गणवेश अंगावर असला की ताठ, टोपी उतरली की गोंधळलेला. घरी आईसमोर तर अगदीच लहान. शौर्य गाजवणारा नव्हे, घाबरणारा नायक. हिंदी पडद्यावर तो नवा होता आणि तो साध्या हवालदाराच्या पोशाखात आला होता.

हा पोलीस देशभर गेला, पण तो ‘गेला’ असं म्हणणंही चुकीचं. ‘प्रभात’ १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. तिथे एकाच सेटवर, त्याच नटांना घेऊन, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या निघत. म्हणजे हिंदी सिनेमाचा एक वाटा पुण्यातच तयार होत होता, इथल्या माणसांच्या मालकीने. कॅनडाशी आपली तुलना इथे पार उलटते. टोरांटोहून निघालेल्याला सरहद्द ओलांडावी लागत होती. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो मुंबईतच, त्यामुळे मराठी माणसाला हिंदी सिनेमात जाण्यासाठी सरहद्दच नव्हती. सरहद्द नंतर तयार झाली, आणि ती कुणी नकाशावर आखली नाही.

ती कशी झाली हे सांगायला ग्रंथ लागेल. महायुद्धाच्या काळात सुटा पैसा आला, पगारी स्टुडिओ कोसळले, नट चित्रपटागणिक करार करू लागले, फाळणीनंतर लाहोरची मातब्बर मंडळी मुंबईत आली, वितरकांनी देशाचे इलाखे पाडून घेतले. ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. मराठी सिनेमा फडाकडे आणि पाटलाच्या वाड्याकडे वळला. तो आपल्या जागी भरपूर चालला, पण हिंदीचा वाटा हातातून सुटला तो सुटलाच. त्यानंतर मराठी नट हिंदीत जाऊ लागला तो पाहुणा म्हणून.

कॅनडाची यादीही जवळून बघण्यासारखी आहे, कारण ती एकजिनसी नाही. मेरी पिकफर्डचं नाव आज टिकलं आहे ते तिच्या कुरळ्या केसांमुळे नव्हे. १९१९ साली चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर तिने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ काढली. स्वतःच्या चित्रपटांचं वितरण स्वतःच्या हाती घेणं, हा त्या काळी एका नटीने केलेला केवढा तरी मोठा उद्योग होता. अमेरिकेने तिला ‘आपली लाडकी’ म्हटलं तेव्हा तिचा चेहरा जिंकला होता, पण तिने जो फरक पाडला तो तिच्या सहीने. नव्या काळातला शॅटनर घ्या. ‘स्टार ट्रेक’चा त्याचा कॅप्टन कर्क कथेनुसार अमेरिकेतल्या आयोवाचा. माँट्रियलचा माणूस आयोवाचा म्हणून खपला आणि कुणाला काही खटकलं नाही. बोली जवळपास तीच, वर्ण तोच. कॅनडाची बरीचशी मंडळी अशी बेमालूम मिसळली आणि अमेरिकी सिनेमाला कॅनडाची दखल घ्यावी लागली नाही.

त्याच कॅनडातल्या ओंटारिओतून, सिक्स नेशन्सच्या राखीव मुलखातून, जे सिल्व्हरहील्स नावाचा मोहॉक नट गेला. त्याला काय मिळालं? ‘द लोन रेंजर’मधला टोंटो. गोऱ्या नायकाच्या मागे घोडा हाकणारा, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा इमानी सोबती. देश एकच, शेजारही एकच, पण ज्याला वेगळं म्हणून ओळखता येत होतं त्याच्या वाट्याला सोबत्याचं काम आलं. आपल्या यादीचेही असे दोन भाग पडतात. अमोल पालेकर हे आपले शॅटनर. ‘रजनीगंधा’पासून (१९७४) ‘गोलमाल’पर्यंत (१९७९) त्यांनी बस पकडणारा, साहेबाला भिणारा मध्यमवर्गीय नायक हिंदीत रुजवला, पण तो ‘गोलमाल’मध्ये शर्मा होता, मराठी नव्हता. आणि अमरापूरकर? ते सिल्व्हरहील्सच्या वाटेने गेले, हे म्हणताना मला वाईट वाटतं, पण दुसरं काही म्हणता येत नाही.

१९५० साली नगरात जन्मलेला हा नट इतिहास शिकला आणि हौशी-प्रायोगिक रंगभूमीवर तयार झाला. भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्याबरोबरच्या ‘हॅन्ड्‌स अप’ या नाटकातलं त्याचं काम गोविंद निहलानी यांनी पाहिलं. १९८३ साली त्यांचा ‘अर्धसत्य’ आला. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ रंगभूमीवर आलं आणि त्याचे दिग्दर्शक अमरापूरकरच होते, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पण ते महत्त्वाचं आहे. तेंडुलकरांचं वाक्य कुठे थांबतं आणि थांबल्यावर हिंसा कुठून डोकावते, हे दिग्दर्शक म्हणून रोज तालमीत उलगडून पाहिलेला माणूस तेंडुलकरांच्याच पटकथेत रामा शेट्टी झाला.

हा रामा शेट्टी पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय घडतं? जवळजवळ काहीच नाही. ना गुहा, ना शार्क माशांचा हौद, ना सोनेरी केसांच्या बायका. साधे कपडे, बसल्या जागचा सैलपणा आणि समोर वर्दीतला फौजदार उभा असताना त्याच्याशी असं बोलणं, की दाराशी आलेल्या दूधवाल्याचा हिशेब चालला आहे. डोळे मात्र समोरच्यावरून हलत नाहीत. आवाज चढत नाही, कारण चढवायची गरज नाही. पोलीस, पुढारी, वस्ती, सगळं आधीच खिशात आहे. त्या काळचा हिंदी खलनायक आपण खलनायक आहोत हे ओरडून सांगे. रामा शेट्टीला ते सांगावं लागत नव्हतं. नगरपालिकेच्या निवडणुका, सोसायट्यांचं राजकारण, बाजार समितीतले गट ज्याने पाहिले आहेत, त्याला हा माणूस ओळखीचा वाटला तर नवल नाही. आमच्या जिल्ह्यात सत्ता अशीच बसून बोलते.

पण हे श्रेय एकट्या नटाचं म्हणून सांगितलं तर ते अर्धसत्यच होईल. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा तेंडुलकरांची. संवाद वसंत देव यांचे. ज्या कवितेवरून चित्रपटाला नाव मिळालं ती दिलीप चित्रे यांची. नायिका स्मिता पाटील. निहलानी स्वतः मराठी नाहीत, पण मराठी प्रायोगिक रंगभूमी त्यांनी आपली मानली होती. हिंदी सिनेमाला वेगळं वळण देणारा हा चित्रपट म्हणजे मराठीतला एक सबंध गट होता. अमरापूरकर त्या गटाचा एक माणूस म्हणून पडद्यावर आले आणि म्हणून रामा शेट्टी उभा राहिला.

याच चित्रपटात दुसरी एक गोष्ट घडली. फौजदार अनंत वेलणकर, हा माझ्या हिशेबातला दुसरा पोलीस, नावापासून घरातल्या बापापर्यंत पक्का मराठी. त्याचं काम केलं अंबाल्याच्या ओम पुरींनी. आणि दाक्षिणात्य नावाचा गुंड केला नगरच्या माणसाने. ओम पुरींचा वेलणकर इतका अस्सल आहे की त्याच्या जागी दुसऱ्या कुणाची कल्पना करवत नाही. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो योग्यच होता. मराठी पात्र मराठी नटानेच करावं, असली मागणी मला करायची नाही. ती केली तर उद्या शाहू मोडकाला कृष्ण होण्यासाठी मथुरेचा दाखला आणावा लागेल. मी फक्त वाटणी कशी झाली ते दाखवतो आहे. १९३९ साली मराठी हवालदार, मराठी नट आणि मराठी मालक एका जागी होते. १९८३ साली मराठी फौजदार आणि मराठी नट आमनेसामने उभे राहिले. पुढे ही वाटणी सवयीची झाली.

अमरापूरकरांना ‘अर्धसत्य’साठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला आणि मग हिंदीने त्यांना आपलंसं केलं, म्हणजे कामाला लावलं. ‘हुकूमत’ आला, ‘ऐलान-ए-जंग’ आला. रामा शेट्टीतला थंडपणा बाजूला पडला आणि त्या जागी लकबी आल्या. प्रत्येक चित्रपटाला नवीन लकब, नवीन हेल, नवीन टोपी. ‘सडक’मधली (१९९१) महाराणी हा त्यातला अपवाद, आणि तोही पूर्ण नव्हे. कपाळावर कुंकू, अंगावर भरजरी साडी, आणि मायेने बोलता बोलता एकदम थिजवणारी ती नजर. नकारात्मक भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो याच कामाला. काम जबरदस्त आहे, पण तृतीयपंथीयांना भेसूर दाखवण्याची जी वाईट सवय हिंदी सिनेमाला होती, ती या भूमिकेने घट्टच केली. इतकं सामर्थ्य असलेला नट, आणि ते कशासाठी वापरायचं हे ठरवणारं टेबल त्याच्या गावापासून फार लांब. नंतर विनोदी चित्रपटांत ते सासरे, काके, लबाड मुनीम झाले. मुलांना आवडले. आम्हालाही आवडले, खोटं कशाला बोला?

इथे कुणी नूतनचं नाव काढेल. ती तर कुठला मराठी गट घेऊन गेली नव्हती, ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’ बंगाली कथेचे, बंगाली दिग्दर्शकाचे, आणि तरी हिंदीतला स्त्रीचा अभिनय तिने बदलला. आक्षेप बिनतोड आहे. माझ्या म्हणण्याला नूतन हा अपवाद आहे आणि एवढा मोठा अपवाद असला तर नियमाला थोडं नमतं घ्यावं लागतं. तरी एवढं म्हणेन, की तिला बिमल रॉय यांचा तयार गोतावळा मिळाला, तो बंगालचा होता इतकंच. आणि स्मिता पाटीलची ‘भूमिका’ (१९७७) घेतली तर मूळ नियम पुन्हा उभा राहतो. हंसा वाडकरांचं आत्मकथन, त्यावर श्याम बेनेगल, समोर अमोल पालेकर. तिथेही मजकूर मराठीच होता. आपल्या बायका हिंदीत नायिका झाल्या आणि पुरुष मात्र बहुतेक करून डॉक्टर, बाप, मंत्री आणि गुंड राहिले, यावर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

१९९८ च्या ‘सत्या’त मुंबईचा भिकू म्हात्रे बिहारच्या मनोज बाजपेयींनी केला. अप्रतिम केला. २०११ साली तिसरा पोलीस आला, बाजीराव सिंघम. मूळ तमिळ चित्रपट, नायक अजय देवगण, आणि जयकांत शिक्रे हा मराठी नावाचा खलनायक केला प्रकाश राज या कन्नड माणसाने. ‘अर्धसत्य’मध्ये नगरचा नट शेट्टी झाला होता, इथे बरोबर उलट फेड झाली. सचिन खेडेकर, अशोक सराफ कडेला होते. ‘आता माझी सटकली’ हे मराठी वाक्य देशभर पोरांच्या तोंडी बसलं, आणि आम्हाला केवढा आनंद झाला!

या आनंदावरून कॅनडातलीच एक गंमत सांगतो. १९४८ साली कॅनडा सरकार परदेशी चित्रपटांवर कोटा लावण्याच्या बेतात होतं. हॉलिवूडने तडजोड सुचवली. कोटा लावू नका, त्याऐवजी आमच्या चित्रपटांत आम्ही अधूनमधून तुमच्या देशाचा उल्लेख करत जाऊ. सरकारने मान्य केलं आणि दहाएक वर्षं हा कारभार चालला. मग एखादं पात्र सहज म्हणे, की मी सुटीला कॅनडात जातो, किंवा कुठल्याशा पक्ष्याचं नाव घेताना तो कॅनडाचा असल्याचं सांगे. पिअर बर्टन यांनी ‘हॉलिवूड्‌स कॅनडा’ या पुस्तकात याची यथेच्छ टर उडवली आहे. आपण असा करार कधी केला नाही. आपल्याला कराराशिवायच उल्लेख मिळतात. हवालदाराचं आडनाव कदम, मोलकरणीचं नऊवारी, गणपतीचं एक गाणं, आणि एक सटकलेलं वाक्य. चित्रपटगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी लावावेत म्हणून २०१५ साली राज्य सरकारने आग्रह धरला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि आदेश लगेच सैल पडला. उल्लेख फुकट मिळतो. पडदा मागितला की भांडण.

इतिहासपटांत तर हे ठरूनच गेलं आहे. बाजीराव रणवीर सिंग, तानाजी अजय देवगण, संभाजीराजे विकी कौशल. ‘छावा’ची कादंबरी शिवाजी सावंतांची, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर. राजांना कैद करून आणलं तो बहादूरगड आमच्या श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावचा. तिथली माणसं चित्रपट बघून ढसाढसा रडली असतील तर ते साहजिक आहे. मजकूर आपला, दिग्दर्शक आपला, म्हणजे माझ्या सूत्रातल्या दोन गोष्टी जमल्या आणि म्हणून विषय देशभर पोहोचला. चेहरा ज्याच्यावर पैसा लागतो त्याचाच राहिला. पैसा कुणाचा, या तिसऱ्या गोष्टीवर गाडी पुन्हा येऊन थांबते.

अमरापूरकरांचं जवळजवळ शेवटचं हिंदी काम २०१३ च्या ‘बॉम्बे टॉकीज’मधलं. दिबाकर बॅनर्जी यांनी सत्यजित रायांच्या गोष्टीवरून केलेला त्यातला भाग मुंबईतल्या पुरंदर नावाच्या अपयशी मराठी नटाचा आहे. त्याला एका हिंदी चित्रपटाच्या शूटिंगमध्ये रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचं काम मिळतं. नायकाला धक्का लागायचा आणि तोंडातून जेमतेम एखादं अक्षर काढायचं, एवढंच. त्या अक्षरासाठी तो भिंतीशी उभा राहून तालीम करतो, आणि तिथे रंगभूमीवरचा जुना जाणता त्याला खडसावायला येतो. तो जाणता म्हणजे अमरापूरकर. पुरंदरचं काम केलं आहे बुढान्याच्या नवाजुद्दीन सिद्दिकींनी. तीस वर्षांनी पुन्हा तीच वाटणी! मराठी नटाचं दुःखसुद्धा हिंदीत मांडायचं तर नायक बाहेरचा, आणि ज्याने ते दुःख भोगलं तो दोन मिनिटं येऊन ओरडून जाणार. बॅनर्जींना हा विनोद कळला होता की नव्हता, मला ठाऊक नाही. अमरापूरकरांच्या चेहऱ्यावरून मात्र त्यांना तो कळला असावा असं वाटतं.

आता नगरची दुसरी वाट. लालटाकीजवळच्या न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे तिथे शिकला आणि शिकतानाच त्याने ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’, मग २०१६ चा ‘सैराट’. मंजुळे स्वतः अभिनयही करतो, पण तो मुंबईला नट म्हणून काम मागायला गेला नाही. त्याने जेऊर-करमाळ्याच्या उन्हात स्वतःचा सिनेमा केला आणि मुंबईच त्याच्या दारात आली. ‘सैराट’चा ‘धडक’ झाला (२०१८), गोष्ट उदयपूरला गेली आणि जातीचा काटा एवढा बोथट झाला की कुणाला टोचला नाही. पण दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत झी स्टुडिओज आहे. मातीतून काढलेलं पीक ज्याच्या गोदामात जातं, त्याचं पुढे काय करायचं ते तोच ठरवतो.

‘झुंड’मध्ये (२०२२) मंजुळेने वेगळा सौदा केला, असं मला वाटतं. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या शिक्षकाच्या भूमिकेत त्याने अमिताभ बच्चन घेतले. म्हणजे इथेही नायक बाहेरचाच. पण त्याच्या बदल्यात पडद्याचा उरलेला सगळा भाग त्याने नागपूरच्या अनोळखी पोरापोरींना दिला, त्यांच्या बोलीसकट. आणि त्या चित्रपटात एक जागा आहे. वस्तीतली आंबेडकर जयंती, डीजे, नाच, बाबासाहेबांची भव्य प्रतिमा आणि तिच्यापुढे हात जोडलेले बच्चन. हिंदीतल्या सर्वांत मोठ्या नटाला त्या चौकात आणून उभं करणं, याला मी प्रभाव म्हणतो. नट आणलेला, चौक मात्र आपला. ‘झुंड’ने गल्ला ‘सैराट’सारखा जमवला नाही, पण एवढ्याने माझं मत बदलत नाही.

याच कॉलेजात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’ केला. मेंढरं घेऊन वणवण फिरणारं धनगर कुटुंब, गावाच्या सत्तेशी त्यांचा झगडा. चित्रपट पुरा करायला त्यांनी घरची जमीन विकली, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याच्या एका पाळीवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तिथल्या वाचकाला जमीन विकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ‘ख्वाडा’ला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला, आणि तो २०१५ साली चित्रपटगृहांत लागला. नगरात दर वर्षी एकांकिकांच्या महाकरंडकाला पोरं येतात, त्यांतली निम्मी मला हमखास विचारतात की मुंबईत कुणाची ओळख आहे का. मी त्यांना मुंबईतले दोन नंबर देतो आणि ‘ख्वाडा’ पाहिला आहे का, म्हणून विचारतो. बहुतेकांनी पाहिलेला नसतो. त्याचा हिंदी रिमेक कुणी केला नाही, त्यामुळे त्यातली मेंढरं अजून तरी उदयपूरला गेलेली नाहीत.